वाढतें शहर आणि त्याचा पाऊस

सन २००५ च्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस मुंबईंत दोन पाऊस पडले. एक कुलाब्याचा आणि दुसरा सांताक्रूझचा. कुलाब्याच्या वेधशाळेंतील पर्जन्यमापकानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सुमारें ७३ मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांहूनहि थोडा कमी, पाऊस नोंदला. आषाढांतल्या मुंबईकराला त्यांत नवल वाटावें असें कांहींच नव्हतें. परंतु तेथून उत्तरेस सुमारें २५ किलोमीटरांवर, सांताक्रूझ येथील यंत्रानें त्याच चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. जुन्या मापानें हा पाऊस ३७ इंच भरतो. सबंध जुलै महिन्यांतहि सांताक्रूझला सरासरीनें इतका पाऊस पडत नाहीं. तो तेथें एका दिवसांत, आणि त्यांतलाहि फार मोठा भाग दुपारनंतरच्या कांहीं तासांत कोसळला.

फोर्टांतल्या कचेऱ्यांत बसलेल्या मंडळींना उपनगरांत काय चाललें आहे याची त्या दुपारीं फारशी कल्पना नव्हती. नित्याच्या वेळीं, किंवा थोडें आधीं, तीं घरीं जावयास निघालीं. गाड्या वाटेंतच बंद पडल्या होत्या. कित्येकांनीं कमरेइतक्या पाण्यांतून रात्रभर वाट काढली. कांहीं आपल्या मोटारींतच अडकून गुदमरून मेले. साकीनाक्यास टेकडीची दरड खालच्या झोपड्यांवर आली. त्या आपत्तींत एकट्या मुंबई शहरांत चारशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

त्या दिवसापासून एक प्रश्न सुशिक्षित घरांतून वारंवार विचारला जातो. पाऊस ही आकाशाची गोष्ट; शहर ही माणसाची. मग या दोहोंचा कांहीं संबंध आहे काय? शहर वाढलें म्हणून त्यावर पडणारा पाऊसहि बदलतो काय? कीं पाऊस होता तसाच आहे, आणि केवळ तो सामावून घेण्याची शहराची शक्ति संपली आहे? या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. तें दोन भागांत द्यावें लागतें, आणि दोन्ही भाग सारख्याच खात्रीचे नाहींत, हें प्रथमच ध्यानांत ठेवलें पाहिजे.

शहराची हवा भोवतालच्या मुलखाहून निराळी असते, हा शोध नवा नाहीं. लंडनमध्यें औषधांचा धंदा करणारा ल्यूक हॉवर्ड नांवाचा एक गृहस्थ होता. ढगांना आज जीं शास्त्रीय नांवें आहेत त्यांचा पाया त्यानेंच घातला. त्यानें वर्षानुवर्षें शहरांतील व शहराबाहेरील उष्णतामान टिपून ठेवलें, आणि १८१८ सालीं लंडनच्या हवामानावरील आपल्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. रात्रीच्या वेळीं शहर हें बाहेरच्या खेड्यांपेक्षां सरासरीनें साडेतीन अंश फॅरनहाइटहून अधिक उष्ण असतें, असें त्याला आढळून आलें. दगड-विटांच्या भिंती दिवसा ऊन पितात आणि रात्रीं तें हळूहळू परत करितात, हें त्याचें मूळ. सारवलेल्या अंगणांत व फरसबंद गच्चीवर उन्हाळ्याच्या रात्रीं जो आळीपाळीनें झोपला असेल, त्याला हा फरक सांगावयास नको.

उष्णतेवरून पावसाकडे येण्यास मात्र शास्त्राला आणखी दीडशें वर्षें लागलीं. अमेरिकेंत शिकागोच्या पूर्वेस, पोलादाच्या मोठमोठ्या कारखान्यांच्या वाऱ्याखालीं, ला पोर्ट नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें आसपासच्या गांवांहून ३० टक्क्यांच्या आसपास अधिक पाऊस पडतो, असें स्टॅन्ली चँगनन या हवामानशास्त्रज्ञानें १९६८ सालीं दाखविलें. त्यावर मोठा वाद माजला. पाऊस खरोखरच वाढला नसून मोजणाराच चुकला असावा, असेंहि कांहीं विद्वानांनीं सुचविलें. वादाचा निकाल एका गांवच्या एका यंत्रावरून लागणें शक्य नव्हतें. म्हणून १९७१ ते १९७५ या पांच वर्षांत सेंट लुई या शहराभोवतीं दोनशेंहून अधिक पर्जन्यमापकें मांडण्यांत आलीं, विमानें उडविण्यांत आलीं, आणि उन्हाळ्यांतील प्रत्येक सरीचा माग काढण्यांत आला. शहर ओलांडून वारा ज्या बाजूस जातो, त्या बाजूच्या मुलखांत उन्हाळी पाऊस कोठें कोठें २५ टक्क्यांपर्यंत अधिक भरला. त्यांतली खरी महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. ही वाढ रिमझिम सरींत फारशी नव्हती. जे पाऊस मुळांतच जोराचे होते त्यांतच ती अधिक होती.

शहर हें कसें घडवितें? त्याचीं तीन साधनें सांगतां येतात. पहिलें साधन उष्णता. तापलेल्या शहरावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा भोवतालची दमट हवा घेते. हवा वर गेली कीं थंड होते, आणि तिच्यांतील बाष्पाचें पाणी होतें. वळवाचा ढग ज्या रीतीनें उभा राहतो, तिलाच शहर एक चूल लावून देतें.

दुसरें साधन शहराचा उंचसखलपणा. शेताडीवरून किंवा समुद्रावरून मोकळा येणारा वारा इमारतींच्या गर्दीला अडतो. अरुंद पुलाच्या तोंडाशीं जत्रेंतली माणसें तुंबावींत, तशी हवा तुंबते आणि वाट न मिळाल्यानें वर सरकते. न्यूयॉर्क येथील पाहणींत असेंहि आढळलें, कीं कांहीं वादळी ढग शहराजवळ येतांच दुभंगतात आणि शहराला दोन्ही बाजूंनीं वळसा घालून जातात. म्हणजे शहरावर पाऊस वाढेलच असें नाहीं. तो शहराच्या शेजाऱ्याच्या पदरींहि जाईल.

तिसरें साधन धूर व धूळ. मेघांतला प्रत्येक थेंब एखाद्या सूक्ष्म कणाभोवतीं जमतो. पंगत लहान असली म्हणजे पातेल्यांतलें वरण प्रत्येकाच्या पानांत भरपूर पडतें. तीच पंगत दसपट झाली म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास चमचाभर येतें. धुरकट हवेंत कण पुष्कळ, म्हणून थेंब लहान; आणि लहान थेंब लवकर खालीं येत नाहींत. पाऊस लांबतो. परंतु ढग उष्ण, दमट व जोमदार असला, तर तें अडलेलें पाणी आणखी उंच जाऊन गोठतें, गोठतांना उष्णता सोडतें, त्या उष्णतेनें ढग अधिकच फोफावतो, आणि मग उशिरा आलेला पाऊस एकदम कोसळतो. उलट, ढग दुबळा असला तर तोच धूर त्याला वांझ करितो. एकाच कारणाचे असे दोन परिणाम असल्यामुळें या तिसऱ्या साधनाविषयीं शास्त्रज्ञांत अद्यापि पुरतें एकमत नाहीं.

आतां हाच न्याय मुंबईच्या त्या दिवसाला लावून पाहिला तर काय दिसतें? येथें घाई करून चालत नाहीं. ऐन पावसाळ्यांत आकाश झांकलेलें असतें, समुद्रावरून जोराचा वारा वाहत असतो, भिंती तापत नाहींत. म्हणून शहराची चूल त्या दिवसांत मंदच असते. शहराच्या उष्णतेचा प्रभाव मान्सूनपूर्वींच्या व परतीच्या गडगडाटी सरींत अधिक संभवतो. २६ जुलैचा पाऊस शहरानें निर्माण केला असें म्हणणें हें शास्त्राला सोडून होईल. त्यामागें किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा होता, देशाच्या मध्यभागावरील मोठ्या वातचक्राची ओढ होती, अरबी समुद्रावरून अखंड येणारें बाष्प होतें, आणि साष्टीच्या टेकड्या व पलीकडे सह्याद्रि उभा होता. कुलाब्यालाहि असा प्रसंग पूर्वी आलेला आहे. ५ जुलै १९७४ रोजीं तेथें चोवीस तासांत ५७५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला होता. मुंबईला मोठा पाऊस नवा नाहीं.

तथापि एवढ्यावरून शहर निर्दोष ठरत नाहीं. भारतांतील पर्जन्यनोंदी आणि लोकवस्तीची वाढ हीं ताडून पाहणारा एक अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. पावसाळ्यांतील अतिवृष्टीच्या प्रसंगांत झालेली वाढ ग्रामीण भागापेक्षां नागर भागांत अधिक ठळक आहे, असें त्यांत दिसून आलें. त्यांत जागतिक तापमानवाढीची भर पडते. हवा एक अंश सेल्सियसनें तापली कीं तिची बाष्प धारण करण्याची शक्ति सुमारें ७ टक्क्यांनीं वाढते. अरबी समुद्र तापत चालला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं सहकाऱ्यांसह २०१७ सालीं दाखवून दिलें, कीं १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग जवळजवळ तिपटीनें वाढले आहेत. समुद्र आणि वारा हे पाऊस आणतात. वाढतें शहर त्याला कोठें थोडी भर घालतें, तर कोठें त्याची जागा बदलतें. उत्तराचा पहिला भाग एवढाच आहे, आणि तो याहून ठाम शब्दांत सांगणें योग्य नव्हे.

दुसरा भाग मात्र वादातीत आहे. तो आकाशाचा नसून जमिनीचा आहे.

मुंबईचीं जुनीं पर्जन्यगटारें ताशीं २५ मिलिमीटर पाऊस पडेल, आणि त्यांतला निम्मा जमिनींत मुरून निम्माच वाहून येईल, या हिशेबानें बांधलेलीं होतीं. म्हणजे गटाराच्या वांट्यास ताशीं साडेबारा मिलिमीटर पाणी. ज्या काळीं हा हिशेब झाला त्या काळीं तो खोटा नव्हता. वाड्या होत्या, आगरें होतीं, भातखाचरें होतीं, खाजणें होतीं. पुढें त्यांवर घरें उठलीं, रस्ते झाले, आवारें फरसबंद झालीं. आतां पडलेलें जवळजवळ सगळेंच पाणी वाहूं लागलें. मग ताशीं साडेबारा मिलिमीटर पाऊस झाला तरी तेंच गटार तुडुंब भरणार. पाऊस एका थेंबानेंहि वाढला नाहीं, गटार एका बोटानेंहि अरुंद झालें नाहीं, तरी त्याची शक्ति निम्म्यावर आली. ही शक्ति दुप्पट करावी अशी शिफारस १९९३ सालच्या एका अहवालांत झालेली होती. २००५ सालचा पाऊस आला तेव्हां त्यांतलें बहुतेक काम व्हावयाचेंच होतें. आणि त्या दिवशीं सांताक्रूझला तासाभरांत पडलेला पाऊस शंभर मिलिमीटरांच्याहि पलीकडे गेला होता.

मिठी नदीची गोष्ट याच हिशेबांतली. विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांपासून निघून माहीमच्या खाडीस मिळणारी ही नदी सुमारें १८ किलोमीटर लांबीची. विमानतळाच्या धावपट्टीसाठीं तिला वळवावें लागलें. कांठावर वस्ती व कारखाने दाटले. मुखाजवळची पाणथळ जमीन भरून तिच्यावर वांद्रे-कुर्ला संकुल उभें राहिलें. पूर्वी भरती व पूर एकाच वेळीं आले, तर तें पाणी घटकाभर थांबण्यास खाजणाची जागा होती. २६ जुलैच्या दुपारीं भरतीहि मोठी होती. समुद्र पाणी घेईना, खाजण उरलें नव्हतें, आणि नदी घरांत शिरली.

आकाश व जमीन या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या म्हणजे काय होतें, तें अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरानें २०१७ सालच्या ऑगस्टांत पाहिलें. तेथें हार्वे नांवाचें चक्रीवादळ येऊन ठेपलें, आणि कित्येक ठिकाणीं चार-पांच दिवसांत हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. पुढील वर्षीं संशोधकांनीं गणितानें ताडून पाहिलें, कीं त्या जागीं शहराऐवजीं शेतजमीन असती तर काय झालें असतें. शहरामुळें पाऊसहि वाढला आणि पूरहि वाढला. तशा तीव्र पुराची शक्यता तर सरासरीनें सुमारें २१ पटींनीं वाढली, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. वादळ समुद्रांतून आलें होतें; त्याला अधिक घातक करण्याचें काम वसाहतीनें केलें.

या सर्वांतून नागरिकानें कोणता बोध घ्यावयाचा? पहिला असा, कीं शहराचा पाऊस सरासरीनें मोजूं नये. २६ जुलैच्या कुलाब्याच्या व सांताक्रूझच्या आंकड्यांची सरासरी काढली तर ती ५०८ मिलिमीटर येते. तेवढा पाऊस ना कुलाब्याला पडला, ना सांताक्रूझला. तो केवळ कागदावर पडला. असेंच वर्षाच्या सरासरीचें. यंदा सरासरीइतका पाऊस झाला असें वाचून गृहस्थ समाधान पावतो. परंतु तो सरासरीचा पाऊस शंभर दिवसांत आला कीं दहा दिवसांत, यावर त्याच्या घरांत पाणी येणें न येणें अवलंबून असतें. गटार सरासरीनें तुंबत नसतें. तें एका तासानें तुंबतें.

म्हणूनच २००५ नंतर झालेल्या सुधारणांत सर्वांत मोलाची सुधारणा मोजमापाची आहे. महापालिकेनें २००६ पासून शहराच्या निरनिराळ्या विभागांत स्वयंचलित पर्जन्यमापकें बसविण्यास आरंभ केला, आणि पुढें हवामानखात्याचें डॉप्लर रडारहि मुंबईस आलें. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीनें पाण्याच्या वाटांचा कसून अभ्यास केला. भरतीच्या वेळीं पाणी समुद्रांत लोटण्यासाठीं उदंचन केंद्रें उभारण्यांत आलीं. हें सर्व आवश्यकच होतें. परंतु पंप कितीहि मोठा असला तरी तो खाजणाची जागा पुरतेपणीं घेऊं शकत नाहीं. पंपापर्यंत पाण्यानें पोंचावें लागतें, खाजण पाण्याच्या वाटेंतच असतें.

दुसरा बोध असा, कीं ही केवळ मुंबईची कथा नव्हे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं पुण्याच्या दक्षिणेस कात्रजच्या बाजूला जोराचा पाऊस झाला, आणि आंबिल ओढ्याच्या कांठच्या वस्त्यांत व सोसायट्यांत पाणी घुसलें. पुण्यांत व परिसरांत वीसहून अधिक माणसें दगावलीं. एरवीं त्या ओढ्याला कोणी नदीचा मान देत नाहीं. तो नाला म्हणूनच ओळखला जातो, आणि नाला म्हणूनच तो अरुंद होत गेला. आज जीं शहरें मुंबईपेक्षां लहान आहेत व झपाट्यानें वाढत आहेत, त्यांच्या हातीं अद्यापि एक गोष्ट आहे, जी मुंबईनें बव्हंशीं गमावली. त्यांचे ओढे अजून वाहते आहेत. विकासाच्या नकाशावर त्यांची रुंदी कोरड्या दिवसांत मोजावयाची कीं पुराच्या दिवसांत, हा प्रश्न आजच विचारला गेला पाहिजे. कांठावर घरें उभीं राहिल्यावर तो विचारून उपयोग नाहीं.

तिसरा बोध घराघरांतला आहे. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला कीं बरोबर एक लिटर पाणी होतें. शंभर चौरस मीटरांचें एखादें आवार घेतलें आणि त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी झालें. चिखल होतो म्हणून, मोटारी उभ्या करण्यास सोयीचें म्हणून, तें आवार सिमेंटानें मढविलें, तर हे दहा हजार लिटर पाहतां पाहतां रस्त्यावर जातात. आवार स्वच्छ राहतें. पाणी उताराला जो राहत असेल त्याच्या उंबऱ्याशीं जातें. भर पावसाळ्यांत भिजलेली माती सगळें पाणी पिऊन टाकते असें नाहीं; परंतु ती तें थोपविते, आणि पुराच्या वेळीं अर्ध्या तासाचा विलंबहि थोडा नसतो. झाडाभोवतीं मोकळी माती ठेवणें, गच्चीचें पाणी शोषखड्ड्यांत किंवा विहिरींत सोडणें, फरशीच्या जोडांत पाण्याला वाट ठेवणें, हीं कामें लहान आहेत. एका घरानें तीं केलीं तर शहराला कळणारहि नाहीं. परंतु आवारें मढविण्याचें कामहि असेंच एकेका घरानें केलें होतें, आणि तें शहराला कळल्याशिवाय राहिलें नाहीं.

पावसावर माणसाचा हुकूम चालत नाहीं, हें खरें. पण पाऊस पडून गेल्यावर त्याला कोठें जावयाचें याचा निर्णय शहर रोज करीत असतें. प्रत्येक नव्या नकाशांत, प्रत्येक भरून काढलेल्या खाजणांत, प्रत्येक मढविलेल्या अंगणांत. २६ जुलै २००५ च्या दुपारीं कुलाब्याचा मापक तीन इंचांच्या आंतच राहिला होता आणि सांताक्रूझचा ३७ इंचांकडे चालला होता. पुढच्या वेळीं कोणत्या मापकावर कोणता आंकडा उमटेल, हें फार आधीं कोणालाहि सांगतां येणार नाहीं. त्या पाण्याला वाट ठेवली होती कीं नव्हती, हें मात्र आजच पाहतां येतें.